मु. पो. माळचिंचोली

माळचिंचोलीत दोनशे दहा घरं, एक मारुती, एक पिठाची गिरणी आणि एक पोस्ट होतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कुठल्याही गावात असतात, म्हणून सटवाजी मास्तर त्या मोजत नसत.

शेजारची बोरवाडी चिंचोलीच्या दुप्पट. तिथं हायस्कूल, दवाखाना, बँकेची शाखा, दर मंगळवारी बाजार. पण पोस्ट नव्हतं. त्यामुळे बोरवाडीचा माणूस कितीही मोठा झाला, तरी पत्ता लिहिताना त्याला 'मु. बोरवाडी, पो. माळचिंचोली' असं लिहावंच लागे. चिंचोलीकर मात्र 'मु. पो. माळचिंचोली' असं एका दमात लिहून मोकळा होई. सटवाजींच्या हिशेबी जगात दोन प्रकारची माणसं होती, मु. पो.वाली आणि नुसती मु.वाली. जातीही होत्याच, पण त्या इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की वेगळ्या मोजायचं कारण पडत नसे.

सोयरीक घेऊन कुणी आलं, की सटवाजी आधी शेती विचारत नसत, पोस्ट विचारत. पाहुण्यानं दुसऱ्याच गावाचं नाव घेतलं की ते नुसतं "अस्सं" म्हणत आणि पान लावायला घेत. एकदा बोरवाडीचा एक गडी बैलचोरीत सापडला. कोर्टाचा समन्स आला, त्यावरही चिंचोलीचं नाव होतं. गावात कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. चोरी बोरवाडीची आणि नाव आपलं, यात त्यांना आपली वट दिसली.

हे पोस्ट आणलं सटवाजींच्या बापानं, मानकोजीनं. पासष्ट साली पाहणीला आलेल्या साहेबाला त्यानं तीन दिवस ठेवून घेतलं, घरातल्या कोंबड्यांची एक पिढी संपवली आणि पोस्टाला स्वतःची ओसरी देऊ केली. साहेब चौथ्या दिवशी होकार देऊनच उठला. सातवी पास सटवाजी ब्रँच पोस्टमास्तर झाले. ओसरीच्या भिंतीला लाल पेटी लागली, टेबल आलं, तागडी आली, तारखेचा ठप्पा आला. सटवाजींचं पुढचं सगळं आयुष्य त्या टेबलामागं गेलं, आणि ते मजेत गेलं.

कार्ड ते आधी स्वतः वाचत. उघडं आलेलं पत्र न वाचणं हा पाठवणाऱ्याचा अपमान आहे, असं त्यांना मनापासून वाटे. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना ते वाचून दाखवत आणि दाखवताना जरा सुधारत. सासरी गेलेल्या पोरीनं 'इथं लई तकलीफ आहे' असं लिहिलं असेल, तर ते 'इथं सगळं बराबर आहे' असं वाचत आणि आईला हसत घरी पाठवत. मग चार दिवसांनी पोरगी स्वतःच बोचकं घेऊन येई, आणि आई म्हणे, 'पत्रात तर असं काही नव्हतं.' सटवाजी म्हणत, "पत्रानंतरचं असंल."

अठ्ठ्याण्णव साली सटवाजींना पासष्टावं लागलं आणि खात्यानं त्यांना निवृत्त केलं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. ओसरी आपली, पेटी आपल्या भिंतीला, मग पोस्ट दुसऱ्या कुणाचं असणार? त्यांच्या मागं मुलगा शिवशंकर बसेल, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. शिवशंकरनं तिसऱ्या फेरीत अडतीस टक्क्यांनी दहावी काढली होती, आणि त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली होती.

पण खातं दहावीचे मार्क बघत होतं. अर्ज आले सहा. त्यांत चौऱ्याहत्तर टक्के होते रत्नपालला. रत्नपाल म्हणजे भीमनगरातल्या अमृतरावांचा धाकटा. भीमनगर ही ओढ्यापलीकडची बौद्ध वस्ती, गावापासून हाकेच्या अंतरावर. अमृतराव या पोस्टाचेच डाकवाले होते. बावीस वर्षं फाट्यावरून टपालाची थैली त्यांनी खांद्यावर आणली आणि दोन वर्षांपूर्वी ते वारले. आता त्यांच्या पोराला थैली उघडायची नोकरी लागली होती.

नोकरी गेली हे सटवाजींनी एकवेळ गिळलं असतं. पण ब्रँच पोस्ट पोस्टमास्तरच्या घरी चालतं, जागा त्यानंच द्यायची असते. एका सकाळी रत्नपाल बैलगाडी घेऊन आला, "नमस्कार मास्तर" म्हणाला, कागद दाखवला, आणि टेबल, तागडी, ठप्पा सगळं मोजून घेऊन गेला. पेटी काढली तेव्हा भिंतीवर तिच्या मापाचा चुन्याचा पांढरा चौकोन राहिला. सटवाजी त्या चौकोनाकडं दिवसभर बघत बसले.

घरात एकट्या मंजुळाबाईच खूश होत्या. "तेहतीस वर्सं मला माझ्या ओसरीवर मिरच्या वाळू घालता आल्या न्हाईत," असं म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी मिरच्या पसरल्या. सटवाजी त्या मिरच्यांना वळसा घालून ये-जा करत आणि ठसका लागला की खात्याला शिव्या देत.

गावाचीही पंचाईत झाली. पत्र टाकायचं तर ओढा ओलांडून रत्नपालच्या दारात जायचं! लोकांना अचानक बाळापूरला कामं निघू लागली. एसटीनं बाळापूरला जायचं, तिथल्या पेटीत कार्ड टाकायचं, चहा पिऊन परत यायचं. येणारं टपाल मात्र रत्नपाल सायकलवर दारोदार आणून देई, आणि लोक ते दोन बोटांच्या चिमटीत धरून घेत. दोन महिने असे गेले. मग एसटीच्या तिकिटाला गाव कंटाळलं आणि मारुतीच्या पारावर बैठक बसली.

सटवाजींना खात्याचे नियम तोंडपाठ होते, आणि त्यांतलाच एक त्यांनी शोधून ठेवला होता. ते म्हणाले, "पोस्ट ज्या गावाचं, पोस्टमास्तर त्याच गावचा रहिवासी पाहिजे. असा कायदा हाय. आता सांगा, रत्नपाल कुठं राहतो?"

"गावातच की," सरपंच संतराम म्हणाला.

"कुठं गावात? वढ्याच्या पल्याड राहतो. भीमनगर हे माळचिंचोली न्हाईच. तसं लिहून देऊ, पोस्ट आपोआप वापस."

संतरामानं डोकं खाजवलं. दोनच वर्षांपूर्वी तालुक्याच्या साहेबांसमोर याच पारावर त्यानं भाषण केलं होतं, की आमचं गाव आणि भीमनगर दोन नाहीत, आम्ही एका आईची लेकरं. त्याबद्दल गावाला प्रशस्तिपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. घड्याळ त्याच्या घरी होतं. "पण मास्तर, आपण तवा एक हावो म्हणून सर्टिफिकेट घेतलं की."

"ते खातं वेगळं," सटवाजी म्हणाले. "हे खातं वेगळं."

एवढं पुरलं. सटवाजींनी दोन दिवस खपून, आपल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. भीमनगरची विहीर वेगळी आहे, गावच्या विहिरीवर ते लोक येत नाहीत. त्यांचा मसनवटा वेगळा आहे. मारुतीची पालखी ओढ्यापर्यंत जाऊन माघारी वळते, पलीकडं जात नाही. पोळ्याला त्यांचे बैल आमच्या तोरणाखालून जात नाहीत. त्यांची लेकरं गावची शाळा सोडून बोरवाडीच्या शाळेत जातात, कारण इथं त्यांना करमत नाही. सबब, सदर वस्ती हे वेगळे गाव आहे हे सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ आहे. खाली चौसष्ट सह्या आणि अंगठे. सरकारला गावानं आजवर इतका खरा कागद दिला नव्हता.

जानेवारीत इन्स्पेक्टर साहेब मोटारसायकलवर पाहणीला आले. मानकोजीच्या काळातल्या साहेबासारखे ते कोंबडीचे नव्हते, साबुदाण्याचे होते, आणि हातात अर्जाची नक्कल घेऊन एकेका ओळीवर टिकमार्क करत होते. गावानं त्यांना हौसेनं सगळं फिरवून दाखवलं. "ही आमची विहीर साहेब. ती तिकडं त्यांची." "हितनं पालखी वळती, हितनं, ह्या दगडापासनं." मसनवटा दाखवायला तर तिघं धावले. इतर वेळी साहेब आला की ज्या गोष्टी पोत्याखाली झाकून ठेवायच्या, त्या आज जो तो बोट धरून दाखवत होता.

मध्येच साहेबांनी विचारलं, "ग्रामपंचायत तर एकच आहे ना तुमची? मतदान, रेशन?"

सटवाजींनी संतरामाकडं बघितलं. पण साहेबांनी स्वतःच कागद उलटला. "जाऊ द्या. ते खातं वेगळं."

मग साहेब भीमनगरात गेले. रत्नपालला विचारलं, अर्जातलं खरं आहे का? तो म्हणाला, "खरं हाय, साहेब." त्याच्या आईनं, रुक्माबाईंनी, दारातूनच भर घातली, "एक राह्यलं लिवायचं. पावसाळ्यात वढ्यावर फळी टाकतो, तीबी आमची आमीच टाकतो." साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि जाताना सटवाजींना म्हणाले, "तुमचा अर्ज शंभर टक्के खरा निघाला. असं फार कमी होतं." सटवाजींनी पारावर सगळ्यांना चहा पाजला. मिरच्या उचलायला त्यांनी मंजुळाबाईंना सांगितलं, पण त्या म्हणाल्या, "येऊ तर द्या आधी."

एक मेला नवा जिल्हा झाला. गावभर पाट्यांवरचं 'जि. परभणी' खोडून 'जि. हिंगोली' लिहायचं काम निघालं आणि त्या गडबडीत अर्जाचा विसर पडला. जूनमध्ये रत्नपाल सायकल घेऊन सटवाजींच्या दारात आला. "मास्तर, रजिस्टर हाय तुमचं. सही करा."

सटवाजींनी सही केली. पाकिटावर नजर गेली आणि ते तिथंच थबकले. श्री. सटवाजी मानकोजी, मु. माळचिंचोली, पो. भीमनगर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

"काहून असं लिवलं? कुणाची चूक झाली ही?"

"आत हाय बघा सगळं," रत्नपाल म्हणाला आणि पुढच्या घराकडं गेला. त्याचा चेहरा अगदी सरळ होता, आणि तोच सटवाजींना जास्त बोचला.

आतला कागद असा होता. भीमनगर हे माळचिंचोलीहून वेगळे गाव असल्याचे अर्जदारांनी निःसंशय सिद्ध केले आहे. पोस्टमास्तर भीमनगरचे रहिवासी असून पोस्टही भीमनगरात आहे, त्यामुळे नियमाचा कोणताही भंग होत नाही. फक्त पोस्टाचे नाव चुकीचे राहिले आहे. ते आता 'भीमनगर' असे दुरुस्त करण्यात येत आहे. माळचिंचोली हे गाव यापुढे भीमनगर पोस्टाखाली राहील. ही चूक निदर्शनास आणून दिल्याबद्दल खाते अर्जदारांचे आभारी आहे.

सटवाजी मटकन मिरच्यांतच बसले. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याचा असा चेहरा मंजुळाबाईंनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

आठ दिवसांत बोरवाडीला बातमी लागली. त्यांचंही पोस्ट आता भीमनगरच, पण त्यांना दुसऱ्याच्या पोस्टाची सवय होती. मंगळवारच्या बाजारात चिंचोलीचा माणूस दिसला, की बोरवाडीकर हाक मारून विचारत, "काय पाव्हणं, पोस्ट कोणतं?" हायस्कूलच्या मास्तरांनी चिंचोलीच्या सगळ्या पोरांचे दाखले नव्या पत्त्यानं लिहिले. संतरामानं ग्रामपंचायतीचं नवं लेटरपॅड छापायला दिलं होतं, ते छापून आलं आणि त्यानं गठ्ठा तसाच पलंगाखाली सारला. आता सही केलेल्या चौसष्ट जणांपैकी कुणालाच सही आठवेना. कुणाला तो रॉकेलचा अर्ज वाटला होता, कुणाला डांबरी रस्त्याचा. अर्ज लिहिणारा मात्र एकच होता, आणि त्याचं अक्षर सगळं गाव ओळखत होतं. पारावर सटवाजी आले की लोक उठत नसत, पण बोलणं थांबवत. बापानं आणलेलं पोस्ट पोरानं घालवलं. नुसतं पोस्ट नाही, गावाचं नावच घालवलं. हे कुणी तोंडावर म्हणालं नाही, तरी त्यांना ते रात्रंदिवस ऐकू येई, आणि जेवण जाईनासं झालं.

शेवटी ते स्वतः वरच्या ऑफिसात गेले. साहेबांनी ओळखलं, खुर्ची दिली. "नाव परत बदलता येईल की! दोन्ही वस्त्या एकच गाव आहेत असं दाखवा. हा फॉर्म घ्या. दोन्हीकडं सामाईक असलेली एखादी गोष्ट लिहायची, आणि ती केव्हापासून आहे ते लिहायचं. ग्रामपंचायत, रेशन नको, ते आमचं खातं नाही. आणि तुमच्या पोस्टमास्तरांचा दाखला पाहिजे."

"कोणत्या पोस्टमास्तरांचा?"

"भीमनगरच्या," साहेब म्हणाले.

दोन दिवस फॉर्म सटवाजींच्या खिशात राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, पालखी वळते तो दगड मागं टाकला, ओढा ओलांडला. रत्नपालच्या पत्र्याच्या घराला त्यांचीच लाल पेटी होती, नव्यानं रंगवलेली. ते दाराबाहेर उन्हात उभे राहिले. आत जायचं कसं, हेच त्यांना सुचेना.

"आत या मास्तर," रत्नपाल म्हणाला. "बाहीर उभं राहून टपालाचं काम व्हत न्हाई."

सटवाजी आत जाऊन बाकावर बसले. टेबल तेच होतं. त्यांनी फॉर्म पुढं केला. रत्नपालनं तो शांतपणे वाचला, पेन काढलं, आणि मदत म्हणून आपल्या फाइलीतून जुन्या अर्जाची नक्कलही काढून शेजारी ठेवली. "सामाईक काय लिहू?"

"पाणी..." सटवाजी म्हणाले आणि थांबले. नक्कल समोरच होती. मसनवटा, पालखी, पोळा, शाळा, एकेक मनात येत गेलं आणि एकेक त्यांच्याच अक्षरात खोडलेलं निघत गेलं. एका शिवारात साठ-सत्तर वर्षं काढलेल्या माणसाला शेजाऱ्याबरोबरची एक वस्तू सांगता येईना.

"पोस्ट लिही," ते एकदम म्हणाले. "पोस्टात तर समदेच यायचे ना? तुमी, आमी, समदे."

रुक्माबाई कोपऱ्यात तूर निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "यायचो की. पण पायरीच्या खाली. आमच्या मालकानं बावीस वर्सं थैली आणली, मास्तर. खालून वर दिली. तुमच्या वसरीला एकबी दिस पाय लागला न्हाई त्यांचा."

सटवाजींना आधी राग आला. मग, ते खरं होतं आणि आपल्याला चांगलं आठवतही होतं, याची लाज वाटली. अमृतरावांचा वर केलेला हात त्यांना दिसला, पावसात भिजलेला, थैली मात्र घोंगडीखाली कोरडी. बावीस वर्षांत त्या माणसाला आपण बस म्हणालो नाही. त्यांची मान खाली गेली. रुक्माबाई उठून आत गेल्या आणि चहाची कपबशी आणून बाकावर त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी आग्रह केला नाही, घ्या म्हणाल्याही नाहीत.

"'दोन्ही वस्त्यांचे लोक पोस्टात एकत्र बसतात' असं लिहितो," रत्नपाल म्हणाला. "आता केव्हापासून, ते सांगा."

पासष्ट सालापासून, असं एका शब्दात सांगता आलं असतं. रत्नपालनं कदाचित लिहूनही घेतलं असतं. पण सटवाजींनी पत्रं खोटी वाचली होती, तारीख कधी खोटी मारली नव्हती. सोसायटीच्या अर्जावर मागची तारीख मारा म्हणून संतराम एकदा पाया पडला होता, तेव्हाही नाही.

"आजची टाक," ते म्हणाले.

रत्नपालनं पेन थांबवलं. "एका दिसाची वहिवाट खातं धरत न्हाई, मास्तर. बारा वर्सं तरी दाखवावी लागंल."

"बारा?"

"व्हय."

सटवाजींना सहासष्ट चालू होतं. त्यांनी बोटांवर मोजलं, एकदा मोजून पटेना म्हणून पुन्हा मोजलं. मग कपबशी उचलली आणि चहा प्यायले. रत्नपालनं फॉर्मवर त्या दिवशीची तारीख लिहिली आणि तो खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोस्ट उघडलं, तेव्हा सटवाजी बाकावर हजर होते. टपाल काही नव्हतं. रुक्माबाईंनी चहा दिला, त्यांनी घेतला, अमृतरावांच्या दोन आठवणी निघाल्या. दुपारी पोस्ट बंद व्हायच्या वेळी ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"आजचा दिस धरला न्हवं?" त्यांनी रत्नपालला विचारलं.